बोट घेताय? मग आधी ती खवळलेल्या पाण्यात कशी डोलते ते मोजा

सेकंडहँड बोट बघायला माणसं येतात तेव्हा सगळ्यात आधी इंजिनाचं झाकण उघडतात. किती तास चाललंय, गिअर कसा पडतो, धूर काळा की पांढरा, मग लाकूड असेल तर ठोकून बघतात, फायबर असेल तर कुठे पॅच मारलाय ते शोधतात, मग बंदराच्या आतल्या आत एक फेरी मारून येतात आणि त्याच संध्याकाळी इसार देऊन मोकळे होतात. अहो, पण बंधाऱ्याच्या आत सगळ्याच बोटी छान चालतात! तीच बोट २० वाव (म्हणजे साधारण ३६ मीटर) खोल पाण्यात, दुपारच्या वायव्य वाऱ्यात, ओलं जाळं डेकवर आणि मासळीचा खण अर्धा भरलेला असताना कशी चालेल हे कुणी बघत नाही, आणि पुढची १५-२० वर्षं काम तर तिथेच करायचं असतं.

मी देवगडचा. आमच्या काकांनी अशीच एक लाकडी ट्रॉलर घेतली होती, रुंदी साडेचार मीटर, दिसायला देखणी. चालायला इतकी मऊ की घरातले सगळे खूश, कारण आधीची बोट झटके द्यायची, दोन दिवसांनी परत आलं की कंबर धरलेली असायची. ही मात्र पाळण्यासारखी सावकाश डोलायची. आधीच्या मालकाने केबिनच्या टपावर लोखंडी फ्रेम ठोकून त्यावर पाण्याची टाकी आणि बर्फाची मोठी पेटी बसवली होती, डेकवर जागा मोकळी राहते म्हणून आम्हाला ती सोयच वाटली. मग एका संध्याकाळी जाळं ओढताना बाजूने लाट आली, बोट झुकली आणि तिथेच राहिली. दोन श्वास घेण्याइतका वेळ. चुलीवरचं चहाचं पातेलं सरकत सरकत कडेच्या पट्टीला टेकलं, चहा त्याच्या ओठावर आला आणि तसाच तिरका थांबला, मी त्या चहाकडे बघत होतो हे मला अजून आठवतं. मग ती हळूहळू सरळ झाली. आमच्या बोटीवरचा म्हातारा तांडेल एवढंच म्हणाला, "ही आडवी झाली की उठाक येळ लावता रे."

तेव्हापासून मी कुठलीही बोट बघायला गेलो की घड्याळ घेऊन जातो. मऊ डोलणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याचदा तर एकमेकींच्या उलट्या असतात, आणि हा फरक मोजून कळतो. कसं मोजायचं ते सांगतो.

सुरुवात बंदरातच करायची. वारा नाही अशी सकाळची वेळ, भरतीचं पाणी, बोट चिखलाला टेकलेली नको आणि शेजारच्या बोटीला लागतही नको. दोर ढिले सोडा, पण सोडून देऊ नका. डिझेलच्या टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या किंवा जवळपास रिकाम्या असू देत, अर्ध्या टाकीतलं पाणी-तेल आतल्या आत हेलकावतं आणि आकडा चुकवतं. तळात साठलेलं पाणी आधी उपसून टाका. आता चार-पाच जणांनी डेकच्या एका बाजूला तालात वजन टाकायचं, बोट झुलायला लागली की सगळ्यांनी मधे येऊन गप उभं राहायचं. बोट डावीकडे पूर्ण झुकली की घड्याळ सुरू, उजवीकडे जाऊन परत डावीकडे पूर्ण आली की एक डोल. असे पाच डोल मोजा, आलेल्या सेकंदांना पाचने भागा. हे तीनदा करा, कारण पहिल्या वेळी हमखास गडबड होते.

आता साधा आडाखा असा की एका डोलाचे सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा जास्त आले तर सावध व्हा, तिची सरळ होण्याची ताकद कमी असू शकते. साडेचार मीटर रुंद बोट आणि डोल चार सेकंदांचा, तर ठीक. सहा सेकंदांचा, तर तिथेच थांबून विचार करा. याहून नेमकं हवं असेल तर रुंदीला ०.८ ने गुणा, त्याला सेकंदांनी भागा आणि येईल त्या आकड्याचा वर्ग करा. हे उत्तर म्हणजे बोटीची मेटासेंट्रिक उंची, मीटरमधे, साधारण अंदाजाने. सोप्या भाषेत सांगायचं तर बोटीला सरळ उभं करणारा जोर किती आहे त्याचं माप. एका डेकच्या मासेमारी बोटीला हे माप किमान ०.३५ मीटर असावं असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेत आहे. काकांच्या बोटीचा डोल आम्ही मोजला तो भरला ६ सेकंद. साडेचार गुणिले ०.८ म्हणजे ३.६, भागिले ६ म्हणजे ०.६, वर्ग ०.३६. आणि हे बंदरात, जाळं खाली उतरवलेलं असताना! ओलं जाळं चढलं, टपावर बर्फ भरला की काय होत असेल ते त्या पातेल्याने दाखवलंच होतं. टाकी आणि पेटी खाली उतरवली, फ्रेम कापून काढली, परत मोजलं तर ४.८ सेकंद, म्हणजे ०.५६. बोट तीच, लाकूड तेच. चालायला थोडी कडक झाली, काकू म्हणाल्या आता परत तुमची कंबर दुखणार, काका म्हणाले दुखू दे.

उलट फारच कमी सेकंद आले तर? बोट उलटायची भीती कमी, पण ती झटक्यात सरळ होते, डेकवर माणूस फेकला जातो, खलाशी दमतात आणि दमलेला माणूस चुका करतो. म्हणून मधला आकडा बरा.

एवढं झाल्यावर बाहेर जायचं. दिवस निवडणं हे अर्धं काम आहे. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मे च्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पहाटे मतलई असतो, सकाळी दर्या शांत, आणि दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून वारा चढतो. ११ ते १६ नॉट वारा, पाण्यावर ठिकठिकाणी पांढरे घोडे म्हणजे फेसाळलेले लाटांचे माथे, लाट मीटर-दीड मीटरची, हे पारखायला योग्य पाणी. याहून कमी असेल तर काही कळत नाही आणि जास्तीत जायची गरज नाही. हवामान खात्याचा आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री आणि निघताना परत बघा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर बोट हलवायचीच नाही, मालक कितीही म्हणाला की आमची बोट यातही जाते तरी. मे च्या शेवटी शेवटी तर हे करूच नका. २०२१ चं तौक्ते मे मधलं, २०२० चं निसर्ग ३ जूनचं, २००९ चं फयान तर नोव्हेंबरातलं, कोकणातल्या किती घरांत ती तारीख अजून पाळली जाते. १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू, आणि कोस्टगार्डचा १५५४ फोनमधे.

लाटेची नुसती उंची लिहून घेऊ नका, दोन लाटांमधला वेळ पण मोजा, माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. चार सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात साधारण २५ मीटर लांब असते, पाच सेकंदांची ३९ मीटर, दहा सेकंदांची दीडशे मीटरच्या वर. १५ मीटरची बोट त्या दीडशे मीटरच्या लाटेवर टेकडी चढल्यासारखी चढते-उतरते, काही वाटत नाही. पण २५ मीटरच्या लाटेत नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एका लाटेतून निघते न निघते तोवर पुढची तोंडावर, तिथे बोटीचा खरा स्वभाव कळतो. म्हणून कुणी सांगितलं की आम्ही दोन मीटरच्या लाटेत आरामात आलो तर विचारा, किती सेकंदांच्या?

दोन बोटींमधे निवड करायची असेल तर दोन्ही एकाच दुपारी, एकाच पाण्यात, सारख्या वजनाने बाहेर काढा. आज ही आणि पुढच्या आठवड्यात ती असं केलं तर तुम्ही दर्याची तुलना करताय, बोटींची नाही. आणि अर्ध्यात माणसं बदला, या बोटीवरचे त्या बोटीवर, कारण आपल्या बोटीला कुणी नाव ठेवत नाही.

आता चालवायची कशी ते. पहिल्यांदा लाट समोरून घ्या. चार नॉटला सुरू करा, पाच मिनिटं, मग पाच नॉट, सहा, सात, असं चढत जा, आणि कुठल्या वेगाला पहिला दणका बसला तो आकडा लिहा. दणका कानाने नाही, टाचेने कळतो, डेकवर अनवाणी उभे राहा. मग पाच मिनिटांत किती दणके ते मोजा. पाणी नाळेवरून बाजूला फेकलं जातंय की वाऱ्याबरोबर केबिनच्या काचेवर येतंय तेही बघा, ओली बोट आणि कोरडी बोट यात हिवाळ्याच्या रात्री फार फरक पडतो. त्यानंतर लाट तिरकी घ्या, उजव्या खांद्यावर आणि मग डाव्या खांद्यावर. घरी परत येताना बऱ्याच वेळा वारा असाच लागतो, त्यामुळे हे टाळू नका.

मग सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन न्यूट्रलला टाकून बोट लाटेला आडवी होऊ द्या आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. बोट विकणाऱ्याला हे आवडत नाही. पण जाळं ओढायचं काम अशाच वेळी होतं, बोट पळत असताना नाही. इथे माझी बादलीची पद्धत आहे. दहा लिटरची बादली काठाच्या चार बोटं खाली भरायची, जाळं ओढायच्या जागी डेकवर ठेवायची, सरकू नये म्हणून खाली ओलं पोतं, आणि दहा मिनिटांनी किती पाणी उरलं ते बघायचं. मोबाईलमधे कोन दाखवणारं अ‍ॅप असतं तेही लावा, पण तो आकडा फक्त झुकणं सांगतो, बादली झटकेही सांगते. मी एकदा दोन बोटींचा कोन जवळजवळ सारखा बघितला होता आणि एका बादलीत पाऊण पाणी शिल्लक, दुसरीत निम्मंसुद्धा नाही. माणसांचे हात पण बघा, कितीदा आधाराला जातात. दोन्ही हातांनी जाळं ओढता येतंय की एक हात कायम कठड्याला?

शेवटी लाट मागून. इथे बोट बसायला आरामशीर वाटते आणि म्हणूनच धोका कळत नाही. सुकाणूवर स्वतः उभे राहा. पाच सेकंदांची लाट साधारण १५ नॉटने पळते, आपली बोट आठ नॉटने, म्हणजे ती मागून येऊन आपल्याला ओलांडून जाते, आणि ओलांडताना मागचा भाग उचलते. मागची बाजू रुंद आणि चौकोनी असेल तर जास्त उचलली जाते, नाळ खाली रुतते, आणि बोट आडवी फिरायला बघते. किती वेळा चाक फिरवावं लागलं, फिरवल्यावर बोटीने लगेच ऐकलं की एक लाट जाऊ दिली, ते बघा. नंतर जीपीएसवरची रेघ बघा, सरळ आहे की नागासारखी. बोट फिरायला लागली तर वेग कमी करून लाट पुढे जाऊ द्या, लाटेच्या तोंडावर बसून तिच्याबरोबर पळायचा मोह धरू नका.

हे खाडीच्या तोंडावर मात्र पारखू नका. बाहेरून वारा आत येतोय आणि ओहोटीचं पाणी बाहेर जातंय अशा वेळी दाभोळ, जयगड, आचरा कुठलीही खाडी घ्या, लाटा आखूड आणि उभ्या होतात, वाळूच्या दांड्यावर तर फुटतात. तिथे भरतीच्या पाण्यानेच आत यायचं.

आता आपल्याकडच्या बोटींचे स्वभाव थोडे सांगतो म्हणजे काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. जुन्या घडणीचा मचवा, सातपाटीकडचा रुंद पोटाचा, सरळ पठाणाचा (पठाण म्हणजे तळाचा लांब कणा), तो माझा आवडता आहे हे आधीच सांगून टाकतो. लांब पठाणामुळे तो वाट सोडत नाही, मागून लाट आली तरी सुकाणूला फार काम पडत नाही, लाकडाच्या वजनामुळे समोरची लाट कापत जातो, आपटत नाही. पण वेग नाही. १२ मीटर पाण्यातली लांबी असलेल्या अशा बोटीला साधारण साडेआठ नॉटच्या पुढे ढकलायला गेलात की नुसतं डिझेल जळतं, ती स्वतःच्याच लाटेत अडकते. मोठं इंजिन बसवून हे बदलत नाही, खूप जणांनी पैसे घालवलेत.

ट्रॉलरचा मागचा भाग रुंद, कामाला जागा भरपूर, आणि जाळं पाण्यात ओढत असताना ती एकदम स्थिर वाटते कारण मागून जाळ्याची ओढ असते. म्हणून ट्रॉलर पारखताना जाळं टाकून आणि जाळं डेकवर घेऊन, दोन्ही करा. पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या, बोटीचं उलटं, तिचं सगळं वजन म्हणजे ते प्रचंड जाळं आणि ते डेकवर उंच रचलेलं, ओलं झालं की आणखी जड. अशी बोट जाळं उतरवून दाखवली तर बघायलाच जाऊ नका.

उघडी फायबर बोट हलकी, मागे बाहेरून लावलेल्या आऊटबोर्ड इंजिनावर पळते, किनाऱ्यावर ओढायची असल्याने तळ बऱ्यापैकी सपाट. थांबलेली असताना छान, पळवली की दुपारच्या पाण्यात धाडधाड आपटते. तळ खोल व्ही आकाराचा केला तर हे आपटणं कमी होतं. अमेरिकेत रे हंट नावाच्या डिझायनरने असा खोल व्ही तळ केला, त्या तळाची मॉपी नावाची बोट १९६० मधे मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या पाण्यात जिंकली आणि त्यातूनच पुढे बर्ट्राम ३१ ही गळाने मासेमारी करणाऱ्यांची प्रसिद्ध बोट आली. पण तिचे चाहतेसुद्धा सांगतात की पळताना मऊ, थांबली की डोलते. आपल्याकडे रेतीवर ओढायची, थांबून जाळं ओढायचं, तर तो तळ जसाच्या तसा उचलून आणण्यात अर्थ नाही, पुढचा भाग धारदार आणि मागे सपाट असा मधला तळ बघा. आणि उलांडीची होडी, म्हणजे बाजूला दांड्यांनी बांधलेलं तरंगतं लाकूड असलेली होडी, डोलतच नाही असं बाहेरच्यांना वाटतं. ती डोलते कमी, पण उलांडी पाण्यावर आपटली की झटका सरळ मणक्यात जातो, दांड्यांचे बांध सैल असतील तर जास्तच.

कुठल्याही बोटीला डोलणं कमी करायला पोटाच्या वळणावर दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या, म्हणजे बिल्ज कील, लावता येतात. खर्च फार नाही. त्या डोलणं शांत करतात, पण उलटण्यापासून वाचवायची ताकद वाढवत नाहीत, तेव्हा टपावर टाकी ठेवून खाली पट्ट्या लावल्या असा हिशोब करू नका.

वजनाचं अजून एक. शक्य असेल तर बोट रिकामी, अर्धी आणि भरलेली अशी तीनदा न्या, निदान दोनदा तरी. त्यात अर्धी सगळ्यात वाईट, कारण खणात वितळलेला बर्फ आणि मासळीचा लगदा बाजू बदलतो. बोट डावीकडे झुकली की सगळं डावीकडे. खणाला मधे उभी फळी घालून दोन भाग केले की हा हेलकावा चौथाईवर येतो, नुसती एक फळी! बोट बघायला गेलात की खणात उतरून फळ्यांच्या खाचा आहेत का आणि फळ्या जागेवर आहेत का ते बघा. खाचा आहेत, फळ्या गायब, असं फार दिसतं, त्या कुठेतरी चुलीत गेलेल्या असतात. डेकवरचं पाणी जायची भोकंही बघा, जाळं सुटू नये म्हणून ती लाकूड ठोकून बंद केलेली असतील तर आधी ती उघडायला लावा, मगच बाहेर निघा.

एक फुकटची संधी पण सांगतो. देवगड बंदर आडोशाचं म्हणून दर्या बिघडला की गुजरात, कर्नाटक, केरळच्या बोटीसुद्धा आसऱ्याला येतात, २०१९ च्या क्यार वादळात तर बंदर भरून गेलं होतं. तेव्हा धक्क्यावर तासभर घड्याळ घेऊन बसा. सगळ्या एकाच पाण्यात, नांगरावर, एकीचा डोल झटपट, दुसरीचा लांब, तिसरी मागून उचलली जातेय. इतक्या तऱ्हेच्या बोटी एकत्र बघायला दुसरीकडे कुठे मिळणार? खलाशांशी बोला, ते खरं सांगतात, त्यांना ती बोट विकायची नसते.

बाहेरून परत आलात की बोट धक्क्याला लावून लगेच उतरू नका. निघण्याआधी तळ कोरडा केला होता ना, आता इंजिनरूमची फळी उचला आणि किती पाणी आलंय ते डब्याने मोजून काढा. मग बॅटरी घेऊन नाळेच्या आतल्या बाजूला शिरा, जिथे सगळे दणके बसले तिथे, आणि जिथे सांधा ओला दिसेल तिथे खडूने खूण करा, लाकडी असेल तर फळ्यांच्या सांध्यांवर, फायबर असेल तर बरगड्या तळाला चिकटवल्यात तिथे केसासारखी भेग शोधा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बोट रात्रभर शांत पाण्यात उभी राहिल्यावर, परत जाऊन त्याच खुणा बघा. रात्रीत वाळलेली खूण म्हणजे तो सांधा फक्त लाटेत उघडतो, मिस्त्रीला तीच आधी दाखवा आणि किमतीचं बोलणं त्यानंतर सुरू करा.